थांबून दिलेली ओ

मांजराचं पिल्लू घरात येऊन आठवडा होत आला, तरी अजून त्याला नाव नाही. आई त्याला मनी म्हणते. ते काही नाव नव्हे; रस्त्यात दिसलेल्या कुणालाही ‘अहो बाई’ म्हणावं, तसं ते आहे. छापखान्यातली मुलं पिंकी म्हणतात. वडिलांनी प्रुफावरची मान वर न करता सुचवलं, “क्रांती ठेव.” पिल्लू तेव्हा शाईच्या फडक्यात झोपलं होतं. मादी आहे, राखाडी, मुठीत मावेल एवढी.

मला जुनं नाव हवं आहे. हाक मारताना तोंड भरेल असं. सांगलीत गल्लोगल्ली आता सुनीता आणि संगीता आहेत. जुन्या नावाच्या बायका एकेक करून जातात आणि जाताना आपलं नाव मागे ठेवत नाहीत.

पण नाव ठरवायला बसले की टेबलावरची वाटी दिसते. लहान पितळी वाटी, कड एका जागी चेपलेली. तिच्या पोटावर छिन्नीच्या बारीक टिंबांनी अक्षरं घातली आहेत: सगुणा. आधी ‘सौ.’ नाही, नंतर नवऱ्याचं नाव नाही. असं एकटं, उघडं नाव मी दुसऱ्या कुठल्याच भांड्यावर पाहिलेलं नाही. मागच्याच आठवड्यात ती मी माणातून, काकांच्या गावाहून आणली. नाकाशी धरली की अजून चिंचेचा वास येतो. पितळ घासलेल्या ओल्या चिंचेचा, आणि त्याच्या मागे, खूप मागे, कोरड्या विहिरीचा.

कोरड्या विहिरीला वास असतो, हे मला त्या दुष्काळात कळलं.

मी तेव्हा शाळेत होते. सुट्टी लागल्यावर वडील म्हणाले, “दुष्काळावरची पत्रकं छापतेस, आता दुष्काळ बघून ये.” आमच्या घरात मुलं अशीच वाढली. अक्षरओळख मला पाटीवर झाली नाही. शिशाच्या उलट्या अक्षरांवरून झाली. अंगाई ऐकावी तशी मी मशीनची धडधड ऐकली, आणि गोष्टींच्या जागी पत्रकं वाचली. जागे व्हा. सवाल विचारा. भुताखेतांना भिऊ नका. प्रत्येक ओळीच्या शेवटी उद्गारचिन्ह. मला वाटायचं, जगात जे काही चुकीचं आहे ते केवळ त्यावर कुणी पत्रक काढलं नाही म्हणून शिल्लक राहिलं आहे.

विट्याला गाडी बदलून मी काकांच्या गावी उतरले, तेव्हा गावात पुरुष जवळजवळ नव्हतेच. निम्मे मुंबईला गेलेले, उरलेले रस्त्याच्या कामावर खडी फोडत. हवेत तापलेल्या दगडाचा वास होता. भाकरी रेशनवरच्या मिलो ज्वारीची, लालसर, चावली की दाताखाली कचकच करणारी. माझे काका फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. घर धाब्याचं, बुटकं, आत शिरलं की डोळ्यांना काही वेळ काहीच दिसायचं नाही. मग आधी देव्हाऱ्यातला दिवा दिसायचा, मग फडताळातली भांडी, आणि मग भांड्यांच्या शेजारी उभी असलेली काकी.

भांडी पुष्कळ होती. हंडा, कळशी, परात, तांबे, ताटं. प्रत्येकावर टिंबाटिंबांनी एकच नाव: सौ. लक्ष्मी.

काकीचंही नाव लक्ष्मी. पण ही भांडी काकीची नव्हती. ती थोरलीची होती. थोरली म्हणजे काकांची पहिली बायको. काका पलटणीत असताना ती परसातल्या आडात गेली. गावात एवढंच वाक्य होतं, ‘आडात गेली’. पुढे कुणी बोलत नसे, मागे कुणी बोलत नसे. वर्ष सरायच्या आत धाकटी, म्हणजे माझी काकी, आली. तिच्या गळ्यात काळ्या पोतीत थोरलीचा टाक, चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली तिची छोटी प्रतिमा, बांधला गेला. नवं लुगडं आलं की आधी ते त्या टाकाला लावायचं, मग नेसायचं. जेवताना पहिला घास थोरलीचा म्हणून ताटाबाहेर ठेवायचा. हे पुष्कळ घरांत असतं. पण या घरात आणखी एक झालं. लग्नात परातीतल्या तांदळावर नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, तेव्हा काकांनी जुनंच लिहिलं. लक्ष्मी. आपल्या नावाने दुसरी हाक ऐकते आहे म्हटल्यावर थोरली शांत राहील, असं त्यांच्या आईने ठरवलं होतं.

“असं कसं तुम्ही एका बाईचं नाव दुसरीला घातलंत?” मी पहिल्याच दिवशी काकांना विचारलं.

काका बुटाला तेल लावत होते. म्हणाले, “भांड्यावर आधीच घातलेलं हुतं की. परत कशाला ठोकत बसायचं?”

काकी हसली. मला त्या हसण्याचा राग आला.

पण रागापेक्षा दुसरं काहीतरी हळूहळू माझ्या लक्षात येत गेलं, आणि ते लक्षात आल्यापासून मी त्या घरात एकटी बसू शकले नाही. काका पलटणीत हजेरी घेतल्यासारखी हाक मारायचे, “लक्षुमीऽऽ!” काकी समोर असायची. हाक तिला ऐकू गेलेली असायची. हातातलं काम थांबलेलं दिसायचं. तरी ती लगेच ओ द्यायची नाही. थांबायची. मान किंचित परसाकडे व्हायची. एखाद्या मोठ्या बाईला उंबऱ्यातून आधी जाऊ द्यावं, तशी ती त्या हाकेला वाट द्यायची. आणि तिकडून काहीच आलं नाही की मग हळूच म्हणायची, “ओ.”

एकदा दुपारी मी तिच्या समोर बसून शेंगा फोडत होते. काकांची हाक आली. काकी थांबली. ओठ मिटलेले, डोळे माझ्यावर, पण मला न बघणारे. त्या थांबण्यात परसातल्या आडाचा रहाट अर्धा फेरा कुरकुरला. पोहरा कधीचा काढून ठेवलेला, दोर नाही, आडात पाणी नाही, झाडाचं पान हलत नव्हतं. “ओ,” काकी म्हणाली, आणि रहाट थांबला. लाकूड उन्हानं तडकतं, मी स्वतःला सांगितलं. शेंगा मात्र मी तशाच टाकून आत गेले.

मांजर आलं ते त्या आडातून.

भर दुपारी, बायका कामावरून परतून सावलीला पडलेल्या असताना, परसातून बारीक आवाज यायला लागला. रडल्यासारखा, आणि मधेच हाक मारल्यासारखा. शेजारची सोपानची आई दारात येऊन पदर तोंडाला लावून म्हणाली, “पानी आटलं, आता बोलाय लागली ती.” काकी देव्हाऱ्यापुढे जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच आवाज. तिसऱ्या दिवशी मी पोहरा घेऊन निघाले. भुताखेतांना भिऊ नका, हे मी स्वतःच्या हाताने छापलं होतं.

आडाच्या तोंडावर वाकले तेव्हा तो वास आला. वाळलेलं शेवाळ, गंज, जुन्या दोराचा काथ्या, आणि त्याखाली गार असं काहीतरी, इतक्या उन्हातही गार. खालच्या कोनाड्यात राखाडी पिल्लू होतं. आई कुठे गेली कुणास ठाऊक. मी पोहऱ्यात फडकं घालून दोर सोडला आणि पिल्लू आपण होऊन त्यात चढलं. तेच मला विचित्र वाटलं. रानटी मांजर असं चढत नाही. वर आलं तेव्हा ते ओरडायचं थांबलं होतं, आणि माझ्या खांद्यावरून घराच्या दाराकडे बघत होतं. दारात काकी उभी होती.

“थोरली आली गं,” सोपानची आई म्हणाली. अर्धी थट्टेत, अर्धी खरी.

तेवढ्यानं झालं. संध्याकाळपर्यंत गल्लीतली पोरं मांजराला थोरली म्हणायला लागली. “थोरले, ये, ये!” प्रत्येक हाकेला काकीच्या हातातलं भांडं वाजत होतं. रात्री तिने जेवणातला पहिला घास बाहेर ठेवला आणि मांजराने तो येऊन खाल्ला. काकी ताटावरून उठली. काका मला म्हणाले, “आडातनं आल्यालं घरात न्हाई ठिवायचं. फालतू बात न्हाई. बाजाराच्या दिवशी पोत्यात घालून डोंगरापल्याड सोडतो.”

“नाव नाही म्हणून पोरं काहीही म्हणतात,” मी म्हणाले. “मी नाव ठेवते. नाव असलं की ते थोरली राहणार नाही.”

“बाजारापतूर ठिव. आनि त्याला ओ द्याय शिकिव. न्हाईतर पोतं.”

म्हणून मी नाव शोधायला निघाले. नवं नाव चालणार नव्हतं. थोरलीच्या जागी पिंकी उभी राहणार नाही, एवढं मला त्या वयातही कळत होतं. तितकंच जुनं, तितकंच जड नाव हवं होतं.

दुपारी चिंचेखाली बायका वाकळ शिवायला बसत. जुन्या लुगड्यांचे थर, त्यांचा धुवट आणि घामट वास, दोऱ्याला लावायचं मेण. मी पिल्लू घेऊन त्यांच्यात जाऊन बसले. “मला जुनी नावं सांगा. बायकांची.”

“छापखान्यात छापनार हाईस व्हय?” सोपानची आई म्हणाली.

“मांजराला ठेवायचंय.”

“आगं बया! आमची नावं मांजराला!” सगळ्या हसल्या. मग सुया चालत राहिल्या, आणि हसणं विरल्यावर मळ्यातली म्हातारी सुई न थांबवता म्हणाली, “चंद्रभागा घाल.”

“कुणाचं हो ते?”

“हुतं एकीचं.” ती दोरा दातानं तोडत होती. “माजंच. माहेरचं. तिथनं निगाल्यापासनं कुनी हाक मारली न्हाई. मीच इसरली हुते बग.”

मग दुसरी म्हणाली, गजरा. कुणी द्वारका म्हणाली, कुणी तुळसा. सोपानच्या आईला सगळ्यांनी कोपरानं ढोसलं, तेव्हा ती लाजली. “हौसा. समदे भाऊच हुते मला. बा म्हनायचा, एक पोरगी हवी. हौसंनं झाली म्हनून हौसा.” या बायकांना मी रोज भेटत होते, आणि मला त्यांची नावं ठाऊक नव्हती. कुणाची आई, कुणाची सून, मळ्यातली, कोपऱ्यावरची. माझ्या डोक्यात पत्रक तयार व्हायला लागलं. मी तिथेच उभी राहिले आणि म्हणाले, “तुमची नावं चोरलीत यांनी! परत मागा!”

कोपऱ्यावरची आक्का आतापर्यंत गप्प होती. धिप्पाड, काळीसावळी, खडी फोडून हाताला घट्टे पडलेली बाई. ती म्हणाली, “माजं नगं बाई परत.”

“का?”

“नकुसा हुतं.”

तिने सुईत नवा दोरा ओवला.

“लागोपाठ पोरीच झाल्या, मग माज्या येळंला बानं नाव ठिवलं. नगं असल्याली. साळंत मास्तर हजेरीला म्हनायचा, नकुसा, आनि मी ‘हजर’ म्हनायची.” तिने सुई लुगड्याच्या थरातून आरपार ओढली. “लगनात नाव बदललं त्या दिवशी लय रडली मी. समद्यास्नी वाटलं, माहेर सुटतंय म्हनून रडतीया.”

“आता तिला काय म्हननार गं, छापखानेवाले?” मळ्यातल्या म्हातारीने मला विचारलं. आमच्या छापखान्यात अशा वेळचं पत्रक नव्हतं.

मी एकेक नाव घेऊन पिल्लाला हाक मारली. गजरा. चंद्रभागा. हौसा. ते वाकळीच्या टोकाशी खेळत राहिलं. कानसुद्धा हलला नाही. नकुसा मी म्हणाले नाही. “आनि तुज्या काकीचं?” कुणीतरी विचारलं. काकी आमच्यातच बसली होती. ती म्हणाली, “मला न्हाई आटवत,” आणि वाकळीवर इतकी वाकली की गळ्यातला टाक कापडाला लागून टकटक वाजला.

बाजाराचा दिवस उद्यावर आला. दुपारी काका देवळाकडे गेले होते. मी माळ्यावर गोवऱ्या काढायला चढले होते, हे काकीला माहीत नव्हतं. खालून तिचा आवाज आला. चुलीसमोर पिल्लाला समोर बसवून ती बोलत होती. दुधाचं बोट त्याच्या तोंडाशी धरलेलं.

“सगुणा,” ती म्हणाली. “ए सगुणा.”

पिल्लाचे दोन्ही कान वळले. आणि त्याच क्षणी काकी स्वतःच म्हणाली, “ओ.”

लगेच. मधे श्वासाएवढीही जागा न सोडता. आवाज तिचा होता आणि नव्हता. एखादी लहान मुलगी ओढ्याकाठून ओरडावी तसा उंच, मोकळा. परसात रहाट गप्प होता. काकीने तोंडावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ तशीच बसली, जसं काही कुणीतरी आत शिरलं होतं आणि आता हललं तर निघून जाईल.

मी खाली उतरले तेव्हा ती माझ्याकडे बघून पांढरी पडली.

“मी काकांना सांगते,” मी म्हणाले. “आजपासून या घरात तुला याच नावाने हाक मारायची. नाही मारली तर मी जेवणार नाही.”

“गप,” ती म्हणाली. मला ती कधीच असं बोलली नव्हती. मग माझा हात धरला. तिचा हात चुलीपाशी बसूनही गार होता. “तुजं भांडान हुईल, मानसं जमतील, आनि मग नाव बंद हुईल. परसातली काय म्हनंल, त्ये आनि निराळंच. तू मांजराला ठिव. माज्या कानावर पडंल दिसभर. मला लय झालं तेवढं.”

पत्रकाच्या शेवटी उद्गारचिन्ह असतं. काकीच्या घरात त्याला कुठे जागाच नव्हती. मी मान हलवली.

संध्याकाळी काका आले. मी पिल्लू पुढे ठेवलं आणि म्हणाले, “सगुणा.” काकी भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. काका बूट काढत होते. एक काढला, दुसरा तसाच पायात.

“कुनी सुचिवलं?”

“मीच.”

ते बुटाच्या नाडीकडे बघत राहिले. मग नाडी सोडता सोडता, सावकाश, प्रत्येक अक्षर जिभेवर ठेवून म्हणाले, “सगुणा.” पिल्लू गेलं आणि त्यांच्या पायाला घासलं. “बरं हाय,” काका म्हणाले. “जुनं हाय.” भाकरी पुन्हा वाजायला लागली, पण ताल चुकला होता. त्या रात्रीची भाकरी एका बाजूला जाड होती. पोतं काही निघालं नाही.

मग उरलेली सुट्टी त्या हाकेने भरून गेली. सकाळी काका मिशीला पीळ देत ओरडायचे, “सगुणा, उटली का?” खडीवरून परतले की, “सगुणा, पानी दे म्हनावं कुनीतरी!” जेवताना, “सगुणा, बस. तू बी खा की.” मांजर यायचं, बसायचं. काकी चुलीशी पाठमोरी असायची आणि तिच्या मानेवरचे केस उभे राहिलेले मला दिसायचे. नवऱ्याच्या तोंडून ती आपलं नाव ऐकत होती, आणि नवऱ्याला ते माहीत नव्हतं. मला ते फार क्रूर वाटायचं. कधी कधी भयंकरही वाटायचं. कारण काका ‘लक्षुमी’ म्हणाले की काकी अजूनही थांबायची, परसाकडे मान वळवायची, आणि आता मांजरही थांबायचं, तिकडेच बघायचं. तिघी मिळून एका हाकेची वाटणी करत होत्या.

एके दिवशी भांड्यांवर नावं घालणारा आला. दुष्काळात त्याला काम नव्हतं. ओसरीवर बसून तो नुसतीच छिन्नी परजत होता. काका म्हणाले, “ह्या वाटीवर नाव घाल. मांजराची हाय.”

“मांजराच्या वाटीवर? आवं सुभेदार, ती वाचनार हाय व्हय?”

“तुला काय करायचंय? घाल. सगुणा.”

“मागं-म्होरं काय? मालक कोन?”

“काय नगं. निस्तं नाव घाल. मोटं घाल.”

टक, टक, टक. त्या आवाजाला काकी आतून उंबऱ्यापर्यंत आली आणि उंबऱ्यातच बसली. मला वाटलं, काका थट्टा करताहेत.

सुट्टी संपली. मी सांगलीला परतले, शाळा झाली, कॉलेज झालं, मी भाषणं करायला लागले, लिहायला लागले. पाऊस परत आला, आड भरला. मांजराला पिल्लं झाली, पुढे ते म्हातारं होऊन मेलं, असं काकांनी कुणाच्या तरी हाती सांगून पाठवलं. आणि या थंडीत काकी गेली. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलेलं होतं.

मागच्या आठवड्यात मी गेले. उन्हं चढली होती. घरात शिरले आणि डोळ्यांना काही दिसेना. मग दिवा दिसला. देव्हाऱ्यात आता टाक दोन होते, शेजारीशेजारी, दोन्हींवर हळद. मग भांडी दिसली. आणि भांड्यांच्या शेजारी कुणी नव्हतं. मी खालच्या फळीवरून वाटी उचलली.

काका ओसरीवर होते. खूप वाळले आहेत. “वाटी न्हेतीस व्हय?”

“नेऊ?”

“ने. बाकी समदं लक्षुमीच्या नावाचं हाय, ते ऱ्हाऊ दे हितंच. तिचं म्हनून येवढंच हाय.”

“मांजराचं,” मी म्हणाले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. “पोरी, मला काय येडा समजलीस? लगनात भटजीनं पोरीचं नाव इचारलं, तवा तिच्या बानं सांगितलं. सगुणा. मी बाजूलाच हुतो बसल्याला. त्येच्या फुडं तांदळात मीच दुसरं लिव्हलं.”

मी हातातली वाटी फिरवून तिच्यावरचं नाव पाहिलं. “मग तुम्ही कधी तिला त्या नावानं...”

“कसं मारनार हाक? थोरलीच्या देखत?” त्यांनी परसाकडे मान केली. “मांजराला मारली तर थोरली काय बोलनार? मांजर त्ये मांजर.”

“काकीला सांगितलं होतंत? तुम्हाला ठाऊक आहे म्हणून?”

“सांगितलं असतं तर लाजंनं मांजार सोडून दिलं असतं तिनं.” ते हसले, आणि हसू तसंच ओठावर राहिलं. “तिची पाठ दिसायची मला. भाकरी थापताना. तेवढ्यावरनं कळायचं, हाक पोचली का न्हाई.”

मी वाटी पदरात धरून उभी होते. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. “आणि थोरलीचं? तिचं लग्नाआधीचं नाव काय होतं?”

परसातला चिमण्यांचा आवाज थांबला.

“इचारलंच न्हाई कवा. मी तवा मिसरूड न फुटल्याला पोरगा. आईनं म्हनलं लक्षुमी लिव्ह, मी लिव्हलं. आता तिच्या माहेरचं बी कुनी ऱ्हायलं न्हाई. लय येळा वाटलं, आडापशी जावं आनि तिची माफी मागावी.” त्यांनी हात पसरले. “पर मागायची कुनाच्या नावानं?”

निघण्याआधी मी आडाकडे गेले. बारा वाजून गेले असतील. माझी सावली माझ्या पायाखाली होती. आड आता भरलेला, पाणी काळं आणि निवांत, वर आभाळाचा एक गोल. मी वाकले. काय करते आहे हे मला कळत होतं. सभेत मी अशा बायकांची थट्टा केली आहे. तरी मी म्हणाले, चंद्रभागा. थांबले. गजरा. द्वारका. तुळसा. हौसा. मांजराला घेऊन चिंचेखाली बसले होते तसंच, एकेक नाव ठेवत गेले आणि कान वळतो का ते बघत गेले. पाणी हललं नाही.

एक नाव राहिलं होतं. ते तोंडात आलं आणि अडलं. मग मी ते म्हणाले, अगदी हळू.

“नकुसा.”

पाण्यावरचा आभाळाचा गोल मोडला. वारा नव्हता. वर्तुळं येऊन दगडांना लागली आणि रहाट, जो आता कुणी वापरत नाही, अर्धा फेरा कुरकुरला.

बेडूक असेल. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे.

गाडीत मी ठरवलं की ते नाव आमच्या घरात कुणालाही द्यायचं नाही, मांजरालासुद्धा. कुणी कितीही जुनं म्हटलं तरी नाही. घरी आले, त्यानंतर हे पिल्लू आलं, आणि आज ते मांडीवर घेऊन, या वाटीत दूध ओतून, त्याचं नाव हौसा ठेवलं. आईला आवडलं. वडील म्हणाले, “छान आहे, जुनं आहे.” छापखान्यातली मुलंसुद्धा म्हणायला लागली.

मी हाक मारून पाहिली. पिल्लाला ऐकू जातं. ते उठून बसतं. पण येत नाही लगेच. आधी मान वळवतं, रिकाम्या दाराकडे बघतं, आणि कुणाला तरी वाट दिल्यासारखं थोडं थांबतं.

मग येतं.